जळक्या वासाची तक्रार

आमच्या घरात काहीतरी जळतंय, ही बातमी सगळ्यात आधी मला लागली. स्वयंपाकघरात उभी होते, गॅस बंद होता, आणि एकदम नाकात जळका वास आला. जळकी वायर आणि करपलेली मोहरी एकत्र केली तर जसा येईल तसा. मी तिथूनच ओरडले, "अहो, काहीतरी जळतंय हो!"

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता "मला नाही येत बाई वास" म्हटलं असतं आणि विषय संपला असता. आमचे हे तसले नाहीत, हेच तर माझं दुखणं. हे चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. मशिन बंद पडलं की यांना बोलावणं जातं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत यांच्या अंगात एक नियम मुरलाय. मशिन चालवणारा म्हणाला आवाज येतोय, तर आवाज येतोय. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून त्याला खोटं पाडायचं नाही, कारण शिफ्टभर मशिनपाशी तो उभा असतो, आपण नाही. तर हा नियम यांनी घरीही लावला. "मला येत नाहीये वास," हे म्हणाले, "पण तू म्हणतेस म्हणजे आहे." आणि टेस्टर घेऊन उठले.

त्या दिवशी स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला गेला. पुढच्या आठवड्यात हॉलमधला. मग गिझर, मिक्सर, फ्रिजचा प्लग, बेसिनवरचा दिवा. मला वास यायचा, मिनिटभर टिकायचा आणि हे स्टुलावर चढेपर्यंत निघून जायचा. मध्येच येणारा आणि मध्येच जाणारा बिघाड हा सगळ्यात हरामखोर बिघाड असतो, असं यांचं मत. कंपनीत असल्या बिघाडाला हे पोलिसांसारखे दबा धरून बसतात. घरीही बसले. मी भाजी चिरायची आणि हे नाक वर करून ओट्याशी उभे. मी म्हणायची, "अहो, सरका, मला कढीपत्ता घेऊ दे." हे म्हणायचे, "तू घे, मी ड्युटीवर आहे."

शेवटी यांनी अख्ख्या घराचं वायरिंग बदललं. घर भाड्याचं, रहाटणीतलं. आमचं स्वतःचं रावेतला बुक केलेलं होतं आणि त्याचा अजून तिसरा मजलाही चढायचा होता. भाड्याच्या घराला पदरचं नवं वायरिंग घालणारा भाडेकरू मालकीणबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना आम्ही काकी म्हणतो. काकी इथल्या मूळच्या. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांचं ज्वारीचं रान होतं. त्या जिन्यात उभ्या राहून नव्या वायरींची वेटोळी बघत म्हणाल्या, "करा बाबा, हौस हाय तर करा. वरच्या मजल्याचं बी करायचं का?"

नवं वायरिंग झालं आणि दुसऱ्याच दिवशी मला वास आला. यांचा चेहरा असा पडला की मला त्यांचीच दया आली.

बरं, वास घरापुरता राहिला असता तरी ठीक. मी काळेवाडीच्या एका शाळेत मराठी शिकवते. एकदा सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता वास आला आणि मी सगळ्या पोरांना दप्तरं रिकामी करायला लावली. दिवाळी जवळ आली होती, मला वाटलं कुणीतरी लवंगी आणलीय. दप्तरांतून काय काय निघालं ते सांगत नाही, पण जळकं काही निघालं नाही. पोरं मात्र पुढचे कित्येक दिवस मला बघून नाकं हुंगायची. मेली कार्टी!

वासासोबत बाकीची वरातही हळूहळू येऊ लागली. वास यायच्या आधी पोटातून काहीतरी वर चढायचं, जत्रेतला पाळणा खाली येताना होतं तसं. मग वाटायचं, हे सगळं आधी घडून गेलंय, ही कढई, ही खिडकी, हे स्टुलावरचे हे. आणि मग क्षणभर काहीच वाटायचं नाही. लेक तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती म्हणाली, "आई, तू बोलता बोलता बंद पडतेस." हे म्हणाले, "बंद नाही गं, हँग होते. जरा वेळाने आपोआप चालू होते." बापलेकींना मजा वाटत होती. मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? सकाळी डोकं ठणकायचं, कधी ओकारी व्हायची, तर त्याला पित्त म्हणायचे. लाटणं हातात घेऊन "ते हे कुठंय, ते हे" असं लाटणंच शोधायचे, तर त्याला वय म्हणायचे. चाळिशी उलटलेल्या बाईच्या अंगावर कुठलीही तक्रार खपून जाते.

खपली नाही ती काकींपुढे.

एका सकाळी त्या भाड्याचं काहीतरी बोलायला वर आल्या आणि माझं तोंड बघून म्हणाल्या, "आगं, तुला दृष्ट लागलीया." मी हसले. मास्तरीण बाई मी, असल्या गोष्टींवर निबंध लिहायला लावते मुलांना. पण काकी ऐकणाऱ्यांतल्या नाहीत. मला पाटावर बसवलं, मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या, माझ्यावरून उतरवल्या, काहीबाही पुटपुटल्या आणि ती मूठ तापलेल्या तव्यावर टाकली. दृष्ट लागलेली असेल तर मिरच्या जळूनही वास येत नाही, ठसका लागत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. इथे काय झालं, तर मिरच्यांची अशी खाट उठली की हे खोकत गॅलरीत पळाले, लेक तोंडावर ओढणी दाबून शिव्या देत जिन्यात गेली आणि खुद्द काकींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

काकींनी पदराने डोळे पुसले. "ठसका लागला," त्या म्हणाल्या. "म्हंजी दृष्ट न्हाई. आन मी उतरवत हुते तवा तू कुटं गेली हुतीस? डोळं उघडं, पन तू हितं नव्हतीस. हे माझं काम न्हाई बाय. तू मेंदूच्या डॉक्टरला दाव."

तो माझा पहिला रिपोर्ट. दृष्टीचा निगेटिव्ह. आणि गंमत बघा, नवरा वायरमन झाला होता, लेक इंजिनिअर व्हायला निघाली होती, मी स्वतः चार बुकं शिकलेली, आणि मेंदूकडे बोट कुणी दाखवलं, तर दृष्ट काढणाऱ्या काकींनी. यावरून मी यांना अजून टोचून बोलते. हे म्हणतात, "तपासणी करून आधी एक कारण बाद केलं त्यांनी. पद्धत बरोबर होती."

डॉक्टरांनी पडद्यावर माझं डोकं दाखवलं. कानाच्या वर, डाव्या अंगाला, लिंबाएवढी पांढुरकी गाठ. ते म्हणाले, वास खोटा नव्हता. वास मेंदूतच तयार होत होता. ती एक प्रकारची फिटच. मी आजवर एवढंच ऐकलं होतं की कुणाला फिट आली की लोक धावत येऊन कांदा हुंगायला देतात. माझी फिट स्वतःच वास घेऊन येत होती. हे मी डॉक्टरांना बोलूनही दाखवलं. ते हसले आणि मग लगेच हसायचे थांबले, तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही.

आम्ही पार्किंगमध्ये आलो. स्कूटरपाशी आल्यावर हे म्हणाले, "म्हणजे वायरिंगच होतं. मी बोर्ड चुकलो." मग त्यांनी हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली आणि स्कूटर स्टँडवरच ठेवून हेल्मेटच्या आत रडले. आजूबाजूला माणसं गाड्या काढत होती. मी यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मला एवढी भीती वाटत होती की रडूही येत नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, काही शंका आहेत का. माणसं विचारतात, धोका किती, शुद्धीवर कधी येईल, बोलता येईल ना. आमच्या यांनी विचारलं, "काढल्यावर जुना पार्ट परत मिळेल का?" मी कपाळावर हात मारला. पण यांचं म्हणणं, गॅरेजवाला असो नाहीतर आणखी कुणी, बदललेला पार्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपण पैसे देतो का? डॉक्टर माणूस मोठा समजूतदार. त्यांनी सांगितलं की तुकडा तपासायला जातो, नंतर मेणाच्या ठोकळ्यात बसवून जपून ठेवतात आणि मागितला तर मिळतो. हे खूश झाले. मी टक्कल करून पडले होते आणि माझा नवरा माझ्या गाठीच्या पावतीची चौकशी करत होता.

तपासणीचं उत्तर आलं ते वाईट होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. दिसत होती तेवढी गाठ काढली, पण या जातीची मुळं मागे राहतात. रेडिएशन द्यायचं, गोळ्या द्यायच्या आणि ती परत यायचा दिवस जितका लांबवता येईल तितका लांबवायचा. "परत येईल का?" असं मी विचारलं नाही. त्यांनी 'कधी' हाच शब्द वापरला होता. एवढंच म्हणाले, "तुमच्याजवळ चांगला अलार्म आहे. तो जळका वास परत आला, तर त्याच दिवशी कळवा. प्रत्येक वेळी गाठच वाढली असेल असं नाही, पण कळवा."

झालं. आमच्या घरात त्या दिवसापासून जळका वास बंद झाला. म्हणजे यांनी बंद केला. घरात खरं काही जळलंच नाही, तर बाईसाहेबांना आलेला वास कुठून आला हे लगेच कळेल, असा यांचा हिशेब. उदबत्ती बंद. कापूर बंद. फोडणीची मोहरी हे स्वतः राखणदारासारखे उभे राहून तडतडवायचे. पापड तळायचे, भाजायचे नाहीत. भाकरी तव्यावरच उलटापालटी करायची, विस्तवावर फुगवायची नाही. आणि सगळ्यात मोठा अन्याय म्हणजे वांगं भाजायचं नाही. माझा जीव भरतात. कच्चा कांदा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि भाजलेल्या सालीचा तो वास! मी म्हटलं, "अहो, मरायच्या आधी भरीत तरी खाऊ द्या." हे म्हणाले, "उकडून देतो." उकडलेल्या वांग्याचं भरीत करणाऱ्या माणसाशी मी संसार केला, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

लसीची बातमीही यांनीच आणली. जर्मनीत एका ठिकाणी म्हणे गाठीचा तुकडा तपासून त्याच माणसासाठी वेगळी लस बनवतात. हे मला समजावायला बसले. "आपल्या कंपनीच्या गेटवर वॉचमन असतो ना, तसे शरीरात असतात. चोर समोरून जातो, पण याला ओळखूच येत नाही. ही लस म्हणजे वॉचमनला चोराचा फोटो दाखवायचा." मी म्हटलं, आपल्या बिल्डिंगचा वॉचमन मला रोज बघतो आणि तरी कुणाकडे जायचंय म्हणून विचारतो, त्याला फोटो दाखवून काय होणार?

मला जायचं नव्हतं. हे मी थट्टेत सांगितलं, रागाने सांगितलं, एकदा जेवणाचं ताट सरकवून सांगितलं. परक्या मुलखात जाऊन टोचून घ्यायचं, आणि त्याचा उपयोग होईल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. त्यापेक्षा रावेतच्या गॅलरीत चार कुंड्या लावून बसू दे की मला! त्यावर हे म्हणाले, "रावेतचं बुकिंग मी कॅन्सल केलं." न विचारता. मी इतकी भडकले की रेडिएशनच्या थकव्यातही माझा आवाज काकींपर्यंत गेला. हे शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तू गॅलरीत नसशील तर मी त्या कुंड्यांचं काय करू?"

इथल्या डॉक्टरांना विचारायला गेलो. ते म्हणाले, "मी जा म्हणणार नाही आणि जाऊ नका असंही म्हणणार नाही. यावर अजून अभ्यास चालू आहे. इथलं औषध सोडून तिथलं घ्यायचं नाही, इथल्यासोबत घ्यायचं, एवढं कबूल करा. आणि तिथे कुणी खात्रीने बरं करतो म्हणालं, तर आल्या पावली परत या."

मग आम्ही निघालो. मेणाचा ठोकळा यांनी हॉस्पिटलमधून सही करून ताब्यात घेतला आणि कंपनीच्या ज्या पाऊचमध्ये हे स्क्रूड्रायव्हर ठेवतात, त्यात कापसात गुंडाळून ठेवला. विमानतळावर तपासणीवाल्याने विचारलं, हे काय आहे. कागद हातात तयार होते, ते दाखवायचे सोडून हे म्हणाले, "बायकोच्या डोक्यातलं आहे." तो माणूस एकदा यांच्याकडे आणि एकदा माझ्या टोपीकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अजून बरंच शिल्लक आहे, काळजी करू नका." त्याने हसू दाबून आम्हाला सोडलं.

यांना जर्मन येतं, हे मला तिथे कळलं. चाकणच्या मशिनी बऱ्याचशा तिकडच्या, त्यामुळे पॅनलवर लिहिलेले सगळे शब्द यांना पाठ. बिघाड, दाब, थंड पाणी, धोका, ताबडतोब थांबवा. एवढ्या शब्दांवर या माणसाने परदेशात संसार चालवला. बेकरीत पाव मागताना बोट दाखवून 'चालू' म्हणायचे. तिथली डॉक्टरीण उंच, गोरीपान, चेहऱ्यावर सुरकुती पडू न देणारी. यांनी माझ्या डोक्याकडे हात करून म्हटलं, "श्टोरुंग." म्हणजे बिघाड. आणि मग स्वतःच्या छातीकडे हात करून, "मेंटेनन्स." ती बाई अशी खळखळून हसली की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावून गेली.

पहिल्या खेपेत तुकडा दिला, रक्त दिलं. लस तयार झाल्यावर दुसरी खेप. टोचण्याआधी यांनी इंग्रजीत नीट विचारलं, गॅरंटी काय? डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, गॅरंटी नाही. काहींना फायदा झालेला दिसतो, काहींना नाही, आणि फायदा झाला तो लसीनेच झाला की दुसऱ्या उपचारांनी, हे मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. हे माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "खोटं बोलत नाही बाई. टोचून घे."

आणि मी टोचून घेतलं. रावेतचा फ्लॅट माझ्या कातडीखाली गेला. हॉल, किचन, दोन बेडरूम आणि पार्किंगसकट. टोचल्या जागी लाल चट्टा उठला, खाज सुटली. हे आनंदाने वेडे झाले. "बघ, वॉचमन जागा झाला!" त्या संध्याकाळी आमच्या खोलीतला गळका नळ यांनी पाऊचमधली हत्यारं काढून दुरुस्त केला आणि घरमालकिणीला तिच्या भाषेत सांगितलं, "बिघाड नाही." ती बाई बिचारी आधी घाबरली.

परत आलो आणि दिवस चांगले गेले. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण लोक फक्त वाईट दिवसांचं विचारतात. केस आले, कुरळे आले, जे माझे कधीच नव्हते. शाळेत गेले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि एका कार्ट्याने नाकही हुंगलं. स्कॅन स्वच्छ आला, पुढचाही स्वच्छ आला. लसीने झालं की गोळ्यांनी, की काकींच्या मिरच्यांनी, कोण सांगणार? काकींना विचाराल तर त्या खाली मान घालून म्हणतात, "मी काय, आपलं बघितलं आन सांगितलं." आणि मग सगळ्या रहाटणीला सांगतात.

यांचा पहारा मात्र उठला नाही. माझं नाक हा घरातला सगळ्यात महत्त्वाचा अवयव झाला. मी शिंकले तरी हे विचारायचे, "काय आलं?" मी म्हणायची, "सर्दी."

परवाच्या रविवारी सकाळी मी गॅलरीत निवडायला मेथी घेऊन बसले होते. लेक तिच्या नोकरीच्या गावी, घरात आम्ही दोघंच. हे पेपर वाचत होते. पोटातून तो पाळणा वर चढला. मेथी आधी कधीतरी निवडलेली वाटली, पेपराचं पान आधी कधीतरी उलटलेलं वाटलं. आणि वास आला. वायर आणि करपलेली मोहरी. विसरायला झाला नव्हता, तंतोतंत तोच.

मी मेथीची एक काडी खुडली, तीही चुकून पानांत टाकली. मग म्हटलं, "अहो, वास येतोय."

पहिल्या दिवसापासून या वाक्याला या माणसाचं एकच उत्तर होतं. मला येत नाही, पण तू म्हणतेस म्हणजे आहे. त्या सकाळी हे पेपराची घडी घालत उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो. मला पण येतोय." आणि स्वयंपाकघरात गेले.

मी बसून राहिले. देवा, खरंच काहीतरी जळत असू दे, असं मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे आग मागितली. आतून लायटरचा आवाज आला. एकदा, दोनदा. आणि जरा वेळाने दुसराच एक वास आला, वेगळा, कणकेचा, खराखुरा.

मी आत गेले. खिडकी लावून घेतलेली. हे चिमट्यात कालची पोळी धरून गॅसवर जाळत होते. एक बाजू कोळसा झाली होती आणि हे दुसरी उलटवत होते. मला बघून म्हणाले, "बघ, पोळी करपली होती. मी म्हटलं ना, मला पण येतोय."

आजची कणीक अजून भिजवायची होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी त्यांच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि त्यांना धरून रडले, मोठ्याने. दारात काकी येऊन उभ्या राहिल्या तरी रडले. काकींनी गॅसकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि दार ओढून खाली गेल्या.

मग मी खिडकी उघडली. म्हटलं, "अहो, मेंटेनन्सवाल्याने खोटा रिपोर्ट द्यायचा नसतो."

"माहितीये," हे म्हणाले.

"डॉक्टरांना फोन लावा. त्याच दिवशी कळवा म्हणालेत."

"लावतो."

"आणि गॅस पेटवलाच आहे तर फ्रिजमधलं वांगं आणा. मोठं बघून. आज उकडायचं नाही."

यांनी वांग्याला तेलाचा हात लावला, सुरीने चिरा दिल्या आणि ते विस्तवावर ठेवलं. एका हाताने वांगं फिरवत, दुसऱ्या हाताने फोन कानाला धरून हे डॉक्टरांशी बोलत होते, हो, आजच आला, हो, तोच, आणि साल तडतडत होती आणि सगळ्या घरात धूर झाला होता. स्कॅनची वेळ मंगळवारची मिळाली. भरतात मीठ जरा जास्त पडलं होतं, पण आम्ही दोघांनी मिळून सगळं संपवलं.